अकराच्या आधी नको

"ताई, उद्यापासून मला अकराच्या आधी गाडी देऊ नका," असं म्हणून मास्तरांनी माझ्या टेबलावरचं पेन उचललं आणि पुन्हा जागेवर ठेवलं. लिहायचं काही नसताना जो पेन उचलतो, तो काहीतरी गिळून बोलत असतो.

"का हो? सकाळचे रस्ते मोकळे असतात म्हणून तुम्हीच मागून घेतली होती ती वेळ."

"घरचं आहे जरा."

आमची गाडी शिकवायची शाळा. दोन गाड्या, तीन शिकवणारे, एक मालक, आणि कोणी किती वाजता कोणाला शिकवायचं हे ठरवणारी मी. एकोणीस वर्षं ती वेळांची वही माझ्या हातात आहे. कोण पाच मिनिटं उशिरा उगवतो, कोण शिकवणं आवरतं घेऊन कोपऱ्यावर गप्पा छाटतो, हे सगळं वहीत असतं. वहीत नसेल तर डोक्यात असतं. 'घरचं आहे' हे कारण मी पुष्कळांकडून ऐकलंय. त्यात घर क्वचितच निघालंय.

मास्तरांच्या रकान्यात मी 'अकरानंतर' असं पेन्सिलीने लिहिलं. शाईने लिहिण्याइतका विश्वास बसला नव्हता.

संशयाला जागा समोरच होती. चौकापलीकडे दोन महिन्यांपूर्वी दुसरी शाळा उघडली होती. काचेचं दार, कोरी पांढरी गाडी, आणि बाहेर पाटी: अनुभवी शिक्षक पाहिजेत. सकाळी तिकडे शिकवायचं आणि अकराला तोंड पुसून इकडे यायचं, इतका सरळ हिशोब मला नाही कळणार तर कोणाला? मी डोळ्यात तेल घालून बसले.

आणि बसल्यावर दिसायला लागलंच. बाराही महिने स्कूटरवर येणारा माणूस बसने यायला लागला. म्हणजे स्कूटर अशा ठिकाणी उभी राहत असणार जिथे ती ओळखीच्यांना दिसू नये. आल्या आल्या पाठोपाठ दोन चहा. मध्येच कमरेला हात लावून उभं राहणं. नव्या गाडीच्या सीटची सवय नसेल, मी मनात म्हटलं. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आवाज गेला. एरवी मास्तरांची गाडी वळणावर यायच्या आधी त्यांचा आवाज ऑफिसात पोचायचा. आता गाडी गुपचूप येऊन उभी राहायची. ज्या माणसाचं मन दुसऱ्या घरी लागलंय तो इथे कशाला घसा कोरडा करील?

एकदा ते जवळून जाताना मी श्वास ओढून पाहिला. दारूचा वास नव्हता. खरं सांगायचं तर निराशाच झाली. दारू असती तर प्रकरण त्याच दिवशी मिटलं असतं.

आवाज गेल्याचा आनंद एकट्या बाईंना झाला होता. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. बासष्टाव्या वर्षी गाडी शिकायला आलेल्या. आयुष्यभर दुसऱ्यांना ओरडलेल्या बाईंना मास्तर रोज ओरडायचे. "बाई, तो आरसा तोंड बघायला नाही!" किंवा, "बाई, ब्रेक दाबायचा असतो, कुरवाळायचा नसतो!" त्या रागाने लाल होऊन ऑफिसात यायच्या आणि माझ्याकडे तक्रार नोंदवायच्या. गेल्या तीन आठवड्यांत त्यांची तक्रार शून्य. एकदा तर म्हणाल्या, "मास्तर फार समजूतदार झालेत हो. की माझीच प्रगती आहे?"

"दोन्ही असेल," मी म्हटलं. मला दोन्ही वाटत नव्हतं.

बुधवारी बाईंचा फोन आला. सोमवारी त्यांची परीक्षा होती. एक जादा तास हवा होता, आणि तोही गुरुवारी सकाळी आठलाच, कारण नंतर दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं. आठला दुसरे शिकवणारे मोकळे होते. त्यांचं नाव लिहायला मला एक क्षण पुरला असता. मी खोडरबर घेतला, मास्तरांच्या रकान्यातलं 'अकरानंतर' पुसलं आणि तिथे बाईंचं नाव घातलं. आठला हा माणूस येतो का, नाही आला तर काय सांगतो, आणि चौकापलीकडून कोणी त्याला शोधत येतं का, हे एकदा बघायचंच होतं.

"आठ नको, ताई," मास्तर म्हणाले. "दुसऱ्यांना द्या."

"मालकांनी तुमचंच नाव घेतलंय."

मालकांनी कोणाचंच नाव घेतलं नव्हतं. ते मागच्या आवारात टायरवाल्याशी हुज्जत घालत होते.

"एक दिवसाचा प्रश्न आहे, मास्तर. का दुसरीकडे कुठे जायचंय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी कुठे जाणार?"

"मग झालं तर."

ते किल्ल्यांच्या फळीकडे वळले. मग "बरं" म्हणाले.

गुरुवारी आठला पाच मिनिटं कमी असताना ते आले. बसनेच. बाईंना घेऊन गेले. मी खिडकीशी उभी राहून समोरच्या काचेच्या दारावर नजर ठेवली. तिथे एक सफाईवाली फरशी पुसत होती, दुसरं कोणी आलं नाही, गेलं नाही. आठ पस्तीसला फोन वाजला.

"ताई," बाईंचा आवाज थरथरत होता, "सायकलवाला पडलाय. उठत नाहीये."

झालं होतं ते असं. लाकडाच्या वखारीशेजारच्या गल्लीतून बाई मोठ्या रस्त्यावर येत होत्या. त्यांनी एका बाजूला पाहिलं, दुसऱ्या बाजूला पाहायचं राहिलं. शिकाऊ माणसाकडून हे होणारच. म्हणून तर शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक बसवलेला असतो. तो ब्रेक मास्तरांनी दाबला, पण सायकल आडवी झाल्यावर. सायकलवर सुतार होता, हत्यारांची पिशवी घेऊन कामाला निघालेला. मांडीचं हाड मोडलं.

शनिवारी विमा कंपनीचा तपासनीस आला. चष्मा कपाळावर, हातात जाड कागदांची फाइल. मालकांनी त्याला आपल्या खुर्चीवर बसवलं आणि आम्हा तिघांना समोर. प्रकरण कुठे जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं: चूक शिकवणाऱ्याची ठरली तर मास्तरांचा शिकवायचा परवाना जाणार. दुसरं कुठलं काम त्यांनी आयुष्यात केलेलं नव्हतं.

मालकांनी तोंड उघडलं ते बाईंकडे बोट करूनच. "वय झालं की पटकन सुचत नाही, साहेब."

"मला सुचत नाही?" बाई ताठ झाल्या. "तीस वर्षं शाळा चालवली मी. लिहून घ्या, मी एकाच बाजूला पाहिलं, ती माझी चूक. पण आधी मी अशी चूक केली की मास्तर गल्लीच्या तोंडाशीच ओरडायचे. त्या दिवशी धक्का बसल्यावर म्हणाले, 'सावकाश.' धक्का बसल्यावर!"

"म्हणजे झोपेत होते?"

"डोळे उघडे होते." बाई थांबल्या. "गेले काही दिवस ते तसेच होते. मला बरं वाटत होतं, म्हणून मी कोणाला बोलले नाही. तेही लिहा."

तपासनिसाने मास्तरांकडे मान वळवली. "काही औषध चालू आहे?"

मला वाटलं, आता उडवाउडवी होणार. मास्तरांनी सरळ खिशातून गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर ठेवली. त्यांना कमरेवर नागीण उठली होती. फोड गेले, पण आतली आग राहिली. शर्ट लागला तरी सहन होईना. डॉक्टरांनी रात्री घ्यायची गोळी दिली आणि बजावलं की सकाळी गुंगी राहील, पूर्ण जाग आल्याशिवाय काहीही चालवायचं नाही. औषधवाल्यानेही पाकिटावर लाल पेनाने तेच लिहून दिलं.

"आणि तरी तुम्ही गाडीत बसलात."

"स्कूटर मी त्याच दिवशी बंद केली, साहेब. आणि अकराच्या आधी…" मास्तर बोलता बोलता थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तेवढं मला नीट दिसलं.

"अकराच्या आधी काय?"

"काही नाही."

मालकांनी हात झटकले. "बघा! आम्हाला एका शब्दाने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी किल्लीला हात लावू दिला असता का? ताई, तुम्हीच सांगा. कधी म्हणाले होते का हे, की सकाळी गाडी देऊ नका?"

वही माझ्या मांडीवर होती. आदल्या तीन आठवड्यांची पानं कोणी उघडून पाहिली असती तर पेन्सिलीचं 'अकरानंतर' दिसलं असतं, पण उघडणार कोण? मास्तर बोलले तरी शब्दाला शब्द. 'नाही' म्हटलं की मी घरी जाऊन जेवायला मोकळी. मला पटकन सगळे जण दिसले: डॉक्टर, औषधवाला, बाई, मास्तर. जो तो आपापल्या वाट्याचं बोलून बाजूला झाला होता. माझाच वाटा कोणाला ठाऊक नव्हता.

"म्हणाले होते," मी म्हटलं. "तीन आठवड्यांपूर्वी. मी वहीत लिहिलंही होतं. आणि बुधवारी मीच पुसलं."

"कोणाच्या सांगण्यावरून?" तपासनिसाने चष्मा डोळ्यांवर ओढला.

"कोणाच्याही नाही. मालकांचं नाव घेतलं मी, ते खोटं होतं. मास्तर नकोच म्हणत होते."

"पण का?"

"समोरच्या शाळेत शिकवायला जातात का, ते बघायचं होतं."

मालकांचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यावर एक वेगळीच काळजी आली. ते माझ्याकडे वाकले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मग? जातात का?"

"नाही हो!" मी इतक्या जोरात ओरडले की बाई दचकल्या.

तपासनिसाने सगळं लिहून घेतलं, वहीची ती पानं काढून मागितली. मग मास्तरांना विचारलं, "अकरानंतर तरी तुम्हाला पूर्ण जाग असायची?"

"मला वाटायचं की असते."

"बाई म्हणतात, दुपारीही तुम्ही तसेच होता."

मास्तरांनी मान खाली घातली. "ते मला आता कळतंय. आतून कळत नाही, साहेब. आतून सगळं ठीकच वाटतं. आणि आठला किल्ली ताईंनी माझ्या खिशात घातली नव्हती. ती मीच उचलली."

निकाल काय तो नंतर कळवतो म्हणून तपासनीस निघून गेला. परवाना राहील की जाईल, त्याच्या तोंडावरून मला वाचता आलं नाही, आणि तोंडं वाचण्यात मी कच्ची नाही असा आजवर माझा समज होता.

मास्तरांनी मला जिन्यात गाठलं. आभार मानतील अशी माझी अपेक्षा नव्हती, पण हेही अपेक्षित नव्हतं.

"काय ठरलंय तुमचं आणि मालकांचं?"

"कसलं?"

"तुम्ही अंगावर घेतलंत म्हणजे आपली शाळा यातून मोकळी. दोन माणसांनी आपसात केलं, मालकांना ठाऊक नव्हतं. असंच ना? बदल्यात काय देणार आहेत तुम्हाला?"

"मास्तर, शपथेवर सांगते…"

"तुमची शपथ? नागिणीचं सुरुवातीलाच तुम्हाला सांगणार होतो मी. तोंडाशी आलं होतं. मग आधीच्या मास्तरांची साखर आठवली. त्यांची साखर मालकांच्या कानावर कोणी घातली? आठवड्यात घरी बसले ते."

साखरेचं मीच सांगितलं होतं. चांगल्यासाठी सांगितलं, असं स्वतःला समजावलंही होतं. मास्तरांच्या जागी मी असते तर मीही हाच संशय घेतला असता, आणि एवढ्या वेळात जिन्यातच त्याचे चार पुरावे गोळा केले असते.

"मी काहीही बोलले तरी तुम्हाला खरं वाटणार नाही," मी म्हटलं.

"नाही वाटणार." ते दोन पायऱ्या उतरले आणि थांबले. "मी त्या सुताराला भेटायला चाललोय. यायचं तर या. आठची वेळ कशी ठरली ते मी सांगितलं तर तो म्हणेल, हा स्वतःचं झाकतोय."

बसमध्ये ते माझ्यापासून दोन सीट सोडून बसले. दवाखान्यात सुताराचा पाय वजन लावून वर टांगलेला होता. उशाशी त्याची बहीण बसली होती. आम्हाला पाहताच ती उभी राहिली. "विम्याची माणसं का?"

"नाही," मास्तर म्हणाले. "गाडीतला तो मी."

"मग सही हवी असेल कसलीतरी."

"सही नको. सांगायचंय फक्त."

बहिणीने आमच्या दोघांच्या हातांकडे नीट पाहिलं, त्यांत कागद नाहीत याची खात्री करून घेतली आणि स्टूल माझ्याकडे सरकवलं. मास्तर भिंतीला टेकून उभे राहिले. मी बसले आणि म्हटलं, "थोडक्यात सांगते."

"थोडक्यात कशाला?" सुतार टांगलेल्या पायाकडे बघत म्हणाला. "मला कुठे जायचंय?"