वजनात न धरलेल्या पोळ्या

मधुबन कॉलनीत चाळीस घरं होती आणि त्या चाळीस घरांत कोण काय खातं, काय टाकतं, हे जोहराइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. सकाळी सात वाजता ती ढकलगाडी घेऊन फाटकातून आत शिरायची, दारोदारच्या हिरव्या बादल्या उचलायची, ताणकाट्याला अडकवून वजन बघायची, वहीत आकडा लिहायची आणि मग मागच्या मैदानातल्या खतखड्ड्यात सगळं नेऊन ओतायची. कोणाकडे पाहुणे आलेत, कोणाची सून रुसून माहेरी गेलीय, कोण एकादशीला गुपचूप अंडी उकडतं, सगळं बादलीत दिसायचं. जोहरा बोलायची मात्र नाही.

एकदाच बोलली होती. सात नंबरच्या बाईंना तिने भल्या मनाने सांगितलं, की तुमचा मुलगा शाळेचा डबा रोज तसाच्या तसा बादलीत रिकामा करतो. बाईंनी मुलाला चकार शब्द विचारला नाही. उलट समितीकडे तक्रार केली, की कचरेवाली आमच्या घरात नाक खुपसते. समितीचे सेक्रेटरी अभयराव तसे सभ्य गृहस्थ. त्यांनी जोहराला बोलावून चहा पाजला आणि म्हणाले, "हे बघ, तू कचरा उचल. कचरा वाचत बसू नको." त्या दिवसापासून तिने तोंडाला कुलूप घातलं. नवरा गेल्यावर मिळालेलं काम होतं. पडेगावहून दोन रिक्षा बदलून यावं लागत असलं तरी हक्काचं होतं.

वजनाचं खूळ समितीचंच. दर महिन्याला फलकावर यादी लागायची आणि ज्यांचा ओला कचरा सगळ्यात कमी त्यांच्या दारावर 'आदर्श घर' असं हिरवं स्टिकर चिकटवलं जायचं. शिकली-सवरलेली माणसं त्या स्टिकरसाठी काय काय करायची! एक आजोबा तर आपल्या कलिंगडाच्या साली पहाटे शेजाऱ्याच्या बादलीत नेऊन टाकायचे.

जोहराची स्वतःची एकच पद्धत होती आणि ती कोणी शिकवलेली नव्हती. पोळी-भाकरी कचऱ्यात जाऊ द्यायची नाही. रस्त्यात तुकडा दिसला तरी उचलून कपाळाला लावायचा आणि पायाखाली येणार नाही असा कडेला ठेवायचा, हा तिच्या आईने लहानपणी घातलेला धाक. त्यामुळे बादली काट्याला लावायच्या आधी ती पोळ्या आणि कोरडा भात वेचून आपल्या कापडी पिशवीत घ्यायची. घरी दोन शेळ्या होत्या आणि एक बोकड. यंदा बकरी ईदला दारचा बोकड, मरहूम नवऱ्याच्या नावाने, ही तिची दहा वर्षांची इच्छा होती. कॉलनीतल्या लोकांचीही काही हरकत नव्हती. वजन कमी भरतंय म्हटल्यावर कोण हरकत घेणार?

बावीस नंबरला केशवराव राहायचे. औरंगपुऱ्यातल्या एका कचेरीत अडतीस वर्षं कारकुनी केलेले, सरळ, मितभाषी. बायको दोन वर्षं अंथरुणावर होती, ती मागल्या दिवाळीत गेली. मुलगा देवेश पुण्याला. त्याने वडिलांना मेसचा डबा लावून दिला होता, दोन्ही वेळचा, चार-चार पोळ्या, भाजी, वरण, भात. रोज रात्री आठला तो फोन करून विचारायचा, "बाबा, जेवलात?" मुलगा वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर अशा गोष्टीत मुलाला झोडपून मोकळं व्हायची आपल्याला सवय असते.

गुढीपाडव्याच्या दिवशी बावीस नंबरच्या बादलीशेजारी वर्तमानपत्रात बांधलेलं एक पुडकं होतं. आत पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि श्रीखंडाची डबी, झाकणसुद्धा न उघडलेली. केशवराव दारातच उभे होते.

"काका, सणाचा डबा हाय हा. चुकून ठेवला काय?"

"चुकून नाही गं. माझं पोट भरलंय. तुझ्याकडे शेळ्या आहेत ना, ने."

शेळ्यांना पुऱ्या मिळाल्या. श्रीखंड जोहराने आणि तिच्या मुलीने, झेबाने, बोटांनी चाटून संपवलं.

मग रोजच पुडकं मिळू लागलं. कडा मोजून दुमडलेल्या, वर सुतळीची गाठ. आयुष्यभर फायली बांधलेला हात. जोहराला वाटलं, म्हातारं माणूस, खाणार किती, मेसवाल्याच्या पोळ्या चिवट लागत असतील. थोडी वरण-भाजी ती बादलीत बघायची, पण पातळ मोरीत ओतल्यावर किती खाल्लं आणि किती टाकलं हे कोण सांगणार? पोळ्या पिशवीत, बादली काट्याला, आकडा वहीत. एप्रिलच्या यादीत केशवराव वरून तिसरे आले. बोकडाच्या पाठीवर हात फिरवला तर बरगडी लागेना. जोहरा नमाजनंतर हात उचलून म्हणायची, "या अल्ला, काकाला लंबी उमर दे." अगदी मनापासून म्हणायची.

मे महिन्यात झेबाच्या कॉलेजला सुट्टी लागली. एका दुपारी ती बोकडापुढे पोळ्या टाकत बसली होती. टाकता टाकता थांबली.

"अम्मी, उस घर में कित्ते लोगां हैं?"

"एकीच. बुड्ढे काका."

"फिर उनो खाते क्या? आठ की आठ रोट्यां तो इधरीच आ रैं."

जोहरा म्हणाली, "चावल खाते होंगे." पण म्हणताना तिचे हात थांबले होते. चार सकाळच्या, चार संध्याकाळच्या. कोवळं पोरगंही हिशेब करील असा हिशेब, आणि तो तिने सात आठवडे केला नव्हता. का केला नव्हता, हे तिला चांगलं ठाऊक होतं. पिशवी जड लागत होती म्हणून केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने आधी बादलीकडे नाही, माणसाकडे बघितलं. सदरा खांद्यावरून उतरला होता. घड्याळ मनगटावरून कोपरापर्यंत घसरत होतं. डबे मात्र लख्ख घासलेले, ओट्यावर पालथे. नळाला आठ दिवसांनी पाणी येतं आणि हा माणूस न जेवलेले डबे रोज घासून परत पाठवत होता.

"काका, तुमी जेवत नाय," जोहरा म्हणाली. कुलूप गेलं उडत.

केशवरावांनी तिला आत घेतलं, खुर्ची दिली. मग गळ्यावर बोट ठेवून म्हणाले, "इथं अडकतं. घास उतरतच नाही. चहात बिस्किट भिजवलं तर जातं एखादं."

"मग डागदर? देवेशभाऊंना सांगा की."

"त्याच्या आईचं सगळं त्याने केलं. दोन वर्षं. नोकरी गेली असती त्याची. नाकात नळ्या, पोटात नळ्या... मी बघितलंय ते. पुन्हा त्याच्या नशिबी नको." मग समजूत काढल्यासारखं म्हणाले, "अन्न वाया जात नाही, तुझी जनावरं खातात, हे बरं वाटतं मला. कोणाला बोलू नकोस. तू नाही बोलत कधी, म्हणून तर सांगितलं."

ती त्या दिवशीही पुडकं घेऊन आली. बोकडापुढे टाकायला हात धजेना आणि फेकायलाही धजेना. शेवटी शेजारच्या गोठ्यात देऊन टाकलं. सकाळी मात्र ती सरळ अभयरावांच्या दारात जाऊन उभी राहिली आणि सगळं सांगितलं.

अभयरावांनी शांतपणे ऐकलं, मग वही काढली. "बावीस नंबर. दोनशे ग्रॅम, दीडशे, दोनशे. अगं, माणूस दोन्ही वेळचा डबा टाकत असता तर किलोभर वजन आलं असतं. तुझ्याच अक्षरात लिहिलंय हे."

"पोळ्या मी आधी काढून घेते, साहेब. भातबी. वजनाच्या आधी."

"म्हणजे तू वजन चुकीचं लिहितेस?"

बोलणं तिथेच अडकून पडलं. जोहरा म्हाताऱ्याचं सांगत होती आणि अभयराव यादीचं विचारत होते. यंदाच्या चार महिन्यांच्या याद्या खोट्या ठरल्या तर ज्यांना स्टिकर मिळालं नाही ते समितीला फाडून खातील, ही त्यांची काळजी. तरी त्यांनी तिच्यासमोर देवेशला फोन लावला, एवढं त्यांचं म्हणायला हवं. देवेश घाबरला. त्याने वडिलांना विचारलं. वडील म्हणाले, भरपूर जेवतो. त्याने मेसवाल्याला विचारलं. मेसवाला म्हणाला, डबे रिकामे येतात, घासूनपुसून. त्याने अभयरावांना वहीतले आकडे विचारले. अभयरावांनी वाचून दाखवले. तीन जणांनी तीन ठिकाणांहून सांगितलं, की सगळं ठीक आहे. एकट्या कचरेवालीने सांगितलं, की नाही. त्याने कोणाचं ऐकावं? तुम्ही-आम्ही कोणाचं ऐकलं असतं?

"पुढच्या महिन्यात येतोच आहे मी," देवेश म्हणाला. "आणि त्या बाईंना म्हणावं, बाबांच्या कचऱ्यात हात घालू नका."

जोहराला मागच्या गल्लीतली पंधरा घरं देण्यात आली. पुढच्या गल्लीला बन्सी नावाचा नवा माणूस आला. त्याला बजावून सांगितलं होतं, बादलीतून काहीही काढायचं नाही.

त्या संध्याकाळी ती बावीस नंबरला गेली. कडी वाजवली. आतून आवाज आला, "कोण?"

"जोहरा, काका."

दार उघडलं नाही. तिने पुन्हा वाजवली.

"जा तू," आतून आवाज आला. आवाजात राग नव्हता. राग असता तर ती दाराशी बसून राहिली असती. ती गेली. दुसऱ्या दिवशी जावं म्हणाली, तर समितीने तिला तिथे पाहिलं तर काम जाईल ही भीती आड आली. तिसऱ्या दिवशी वाटलं, मुलाला कळलंय, आता तो बघेल. मनाला असं काहीबाही सांगत तिने बारा दिवस काढले.

बाराव्या दिवशी खतखड्ड्यापाशी बन्सी गाडी रिकामी करत होता. तिने सहज विचारावं तसं विचारलं, "बावीस नंबरचे काका कसे हायेत?"

"ते व्हय? लई भारी घर हाय ते. कचराच नाय. दहा दिस झाले, बादली कोरडी ठाक. काल साहेबांनी सोता येऊन स्टिकर लावलं दाराला. पयला नंबर."

जोहराने हातातलं फावडं टाकलं आणि पळत सुटली.

बादली फाटकाला पालथी टांगलेली होती. दारावर नवं कोरं स्टिकर. कडी वाजवून कोणी उघडेना, तेव्हा ती खिडकीशी गेली. पडदा बाजूला सारला. केशवराव कॉटवर पडले होते, अंगावर चादर होती आणि चादरीखाली माणूस आहे की नाही असं वाटावं इतकी ती सपाट होती. डोळे उघडे होते. मेसवाल्याला त्यांनी महिनाभर पुण्याला जातोय असं सांगून डबा बंद केला होता, हे नंतर कळलं. मुलाला मात्र रोज आठ वाजता "जेवलो" म्हणत होते. कालसुद्धा म्हणाले होते.

"काका! काका, मी जोहरा!"

त्यांनी मान वळवली. ओळखलं. ओठ हलले, म्हणून तिने गजांना कान लावला.

"आज काही नाही गं तुझ्यासाठी," ते म्हणाले.

जोहराने जी किंकाळी फोडली ती चाळीस घरांत ऐकू गेली. अभयराव धावत आले, दार फोडलं, ॲम्ब्युलन्स आली. ज्याने त्याने होईल ते केलं, अगदी सात नंबरच्या बाईंनीही पाण्याची बाटली आणली. केशवराव दवाखान्यात तीन दिवस होते. शेवटी नाकात नळी घालावीच लागली. अन्ननलिकेत गाठ होती. डॉक्टर देवेशला म्हणाले, सुरुवातीला आणलं असतं तर काही करता आलं असतं, आता अंगात ताकदच उरली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ते गेले.

जोहरा तिन्ही दिवस दवाखान्याच्या जिन्यात बसून होती. वर जायची तिची हिंमत नव्हती आणि घरी जायचीही नव्हती. ते गेल्यावर थोड्या वेळाने देवेश खाली आला. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. तिच्यापुढे तो पायरीवर बसला.

"तुम्हीच ना जोहरा?"

"व्हय."

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

अभयरावांना सांगितलं तो दिवस तिला सांगता आला असता. ते खोटंही नव्हतं; मुलीने विचारलं त्याच्या तिसऱ्या दिवशी तर तिने सांगितलं होतं, आणि त्यानेच ऐकलं नव्हतं. तेवढं बोलली असती तर सगळा भार त्याच्या खांद्यावर गेला असता.

"दोन महिने," ती म्हणाली. "दोन महिने मी तुमच्या वडलांच्या पोळ्या घरी नेत हुते. माज्या बोकडाला घालत हुते. मला कळायला पायजे हुतं. मी मोजल्या नाय."

तो काहीतरी बोलेल, ओरडेल, हात उगारेल म्हणून तिने मान खाली घातली. त्याने शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. पण तो तिच्याकडे बघतही नव्हता.

"मी रोज विचारायचो," तो म्हणाला. "रोज आठ वाजता विचारायचो."

वरून कोणीतरी हाक मारली, की सह्या करायला या. तो उठला नाही. तीही उठली नाही. माणसं दोघांना ओलांडून जिना चढत-उतरत राहिली.