तेलाची साखर करणारा दाणा

मी एक जुना शेंगदाणा आहे, मित्रांनो. माझ्या दोन्ही पाकळ्या आता सुरकुतून एका हिरव्या रोपाच्या बुंध्याशी लोंबत आहेत. पण मला पाहून हळहळू नका. मी माझे काम पुरे केले आहे.

लोणी भापकरच्या द्वारकाबाईंनी मला शेंगेतच ठेवून दोन वर्षे माठात जपले. १९९४ साली त्यांचा मुलगा मानसिंग याने विकतचे बियाणे पेरले. पावसाने दडी मारली आणि ते मातीतच वाळून गेले. पाऊस परतला तेव्हा बारामतीच्या दुकानांत बी उरले नव्हते. द्वारकाबाईंनी माठ पुढे केला.

"आई, दोन वर्सांचं बी हाय. खवट झालं असंल. घाण्यावर देऊ," मानसिंग म्हणाला.

"आदी बघू तर खरं."

त्यांनी आम्हा दहा दाण्यांना ओल्या गोणपाटात गुंडाळले.

पाणी प्यायलो आणि मला जाग आली. माझ्या पोटात निम्मे तेलच होते. पण तेल पाण्यात विरघळत नाही; कोंबापर्यंत पोहोचणार कसे? म्हणून माझ्या पेशींतल्या इवल्याशा कोठड्यांत मी ते मोडले आणि त्याची साखर केली. ती पाण्याबरोबर मुळाकडे, कोंबाकडे धावली. मित्रांनो, तुमचे शरीर साखरेची चरबी करते, पण चरबीची अशी साखर त्याला जमत नाही! आमच्या भागात साखरेसाठी उसाचे फड लागतात, कारखान्याचे धुराडे लागते. मी ती विस्तवाशिवाय केली.

चौथ्या दिवशी दहांतले आठ दाणे मोडावर आले. द्वारकाबाईंनी माझ्या शेजारचा दाणा मोडून अर्धा मुलाच्या हातावर ठेवला.

"गोड लागतंय की!" तो चकित झाला.

"लागणारच. पोटातलं मोडून लेकराला भरवतंय ते."

मग मायलेकांनी माठातले सगळे बी वावरात टोकले. मोड आलेले आम्ही सातजणही गेलो. त्यावर जोराची सर आली, ऊन पडले आणि मातीवर खपली धरली. माझा कोंब खालून धडका देत होता. मी उरलेसुरले तेलही मोडून त्याला दिले. तिसऱ्या दिवशी खपली तडकली.

"आई, फुटलं गं! जुनं बी फुटलं!" मानसिंग वावरातच खाली बसला. द्वारकाबाईंनी पदराने डोळे पुसले.

मित्रांनो, जुना दाणा टाकण्याआधी त्याला घोटभर पाणी द्या. त्याच्या पोटात एखाद्या रोपाचा पहिला घास असतो.