वीस तारखेनंतर

बाबांचा एक्स-रे आधी मोठ्या बाईंनी हातात घेतला आणि खिडकीच्या काचेवर धरला. मोठ्या बाई म्हणजे स्वच्छ हवेसाठी भांडणाऱ्या त्या संस्थेच्या संस्थापक आणि संचालक. दोन महिन्यांत निवृत्त व्हायच्या होत्या. ती खिडकी कधी उघडत नसत, कारण खाली ट्रकचा रस्ता. हवा शुद्ध करणारे यंत्र होते ते फक्त याच खोलीत, वरच्या मंडळींच्या. बाकीच्या कर्मचाऱ्यांनी आपली फुप्फुसे आपणच सांभाळायची होती.

"काय सुंदर आलाय," बाई म्हणाल्या. "पोस्टरवर हाच घालायचा."

ताईला बरे वाटले. ताई संस्थेची जनसंपर्कप्रमुख, आणि एक्स-रेतल्या माणसाची एकुलती एक मुलगी. बाबा एकतीस वर्षे वाहतूक हवालदार होते, खालच्याच चौकात. विडी-सिगारेटला कधी शिवले नाहीत, तरी छाती पार कामातून गेलेली. ट्रकबंदीच्या जनसुनावणीत असा माणूस उभा राहिला तर ट्रकमालकांच्या वकिलांची बोलतीच बंद होणार होती. आणि जो सुनावणी जिंकून देईल त्यालाच बाईंची खुर्ची, हे कोणी न बोलता ठरल्यासारखे होते. खुर्चीवर दोघांचा डोळा होता, ताईचा आणि संशोधनप्रमुखांचा. ते पूर्वी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तरांकडे आकडे होते. ताईकडे बाप होता.

संस्थेचे अध्यक्ष छातीचे डॉक्टर होते. ते काचेजवळ गेले आणि एका कोपऱ्यावर त्यांनी बोट ठेवले.

"हे धुराचं नाही. गाठ दिसतेय. सुई घालून तपासायला हवी, लगेच."

"लगेच म्हणजे?" बाईंनी विचारले. "सुनावणी वीस तारखेला आहे. पाच आठवडे. त्याआधी नको ते निघालं तर उभं राहून बोलता येईल त्यांना?"

"कठीण आहे. उपचार सुरू झाले की माणूस आडवा होतो."

"आणि पाच आठवडे थांबलं तर?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "सांगता येत नाही," ते म्हणाले. मग बाईंचा चेहरा बघून म्हणाले, "फार फरक पडू नये."

"आम्ही कोण ठरवणार?" मास्तर मऊ आवाजात म्हणाले. "मुलगी तुम्ही आहात."

तिघेही तिच्याकडे बघत राहिले. इतक्या मायेने त्या खोलीत तिच्याकडे आजवर कोणी पाहिले नव्हते. काय म्हणायला हवे ते तिला पक्के ठाऊक होते. ते म्हटले तर सुनावणी मास्तरांच्या आकड्यांवर लढली जाईल आणि खुर्ची हातची जाईल, हेही ठाऊक होते.

"चालेल," ती म्हणाली. "वीस तारखेनंतर करू."

मास्तरांनी ते बैठकीच्या वहीत लिहून घेतले.

बाबांना तिने सांगितले की एक्स-रे ठीक आहे, जुना खोकला आहे. पुढचे पाच आठवडे रोज संध्याकाळी ती त्यांच्याकडून भाषण घोटून घेई. चौथ्या आठवड्यात त्यांनी चूळ भरली तेव्हा बेसिनमध्ये लाल दिसले. "हिरडी असेल," बाबा म्हणाले. "हिरडीच," ती म्हणाली. त्या रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. तिला स्वतःची किळस आली. आणि सकाळी उठून तिने भाषणात एक वाक्य वाढवले.

वीस तारखेला बाबा झकास बोलले. बायको रोज एक पांढरा रुमाल द्यायची आणि रोज संध्याकाळी काळा धुवायची, एवढेच त्यांनी सांगितले, पण बोलता बोलता तीनदा दम लागून थांबले, आणि त्या थांबण्यानेच काम केले. दिवसा ट्रक बंद झाले. बाबांचा फोटो सगळ्या वर्तमानपत्रांत आला.

दोन दिवसांनी नव्या संचालकाची निवड होती. या संस्थेत पाठीमागे कोणी काही बोलत नसे. जे काही असेल ते तोंडावर, अशी पद्धत. बाईंना या पद्धतीचा फार अभिमान होता.

"ताईंबद्दल मला आदरच आहे," मास्तर म्हणाले आणि त्यांनी वही उघडली. "पण हे बघा. 'ताईंच्या इच्छेनुसार वडिलांची तपासणी वीस तारखेनंतर.' मला रात्रभर हाच प्रश्न पडला. जी व्यक्ती सख्ख्या वडिलांना पाच आठवडे थांबवू शकते, तिच्या हाती लोकांचा श्वास कसा द्यायचा?"

ताईला वाटले, आता कोणी तरी हसेल. कोणी हसले नाही.

"तुम्ही सगळे होतात इथे," ती म्हणाली. "तुम्हीच विचारलंत."

"होतो ना," बाई म्हणाल्या. "पण आम्ही त्यांच्या मुली नव्हतो."

डॉक्टरांनी मान डोलावली. पाच आठवड्यांपूर्वी 'फार फरक पडू नये' म्हणणारे हेच डॉक्टर. हात वर झाले आणि मास्तर संचालक झाले. ताईला भांडायचे होते, पण मास्तर म्हणाले त्यातले एक अक्षरही खोटे नव्हते.

बाबा बाहेरच्या खोलीत बसले होते. बाईंनी सत्कारासाठी बोलावले होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, मांडीवर गुच्छ. डॉक्टर बाहेर पडताना त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आता मात्र उशीर करू नका हं, बाबा." आणि जिना उतरून गेले.

"कशाला उशीर?" बाबांनी विचारले.

ताई शेजारी बसली आणि तिने सगळे सांगितले. गाठ, सुई, तारीख, आणि 'चालेल' कोण म्हणाले तेही. एकतीस वर्षे चौकात ट्रकवाल्यांचे ऐकून घेतले तसे बाबांनी मध्ये न बोलता ऐकून घेतले.

"म्हणजे पाच आठवडे तुला माहीत होतं."

"हो."

त्यांनी दाराकडे पाहिले. आत मास्तरांचे अभिनंदन चालले होते, पण बाबांना हल्ली कमी ऐकू येई.

"मग झालीस ना संचालक?" त्यांनी विचारले.

नाही म्हणायला तिची जीभ उचलेना.

"झाले," ती म्हणाली.

"मग ठीक आहे," बाबा म्हणाले आणि मांडीवरचा गुच्छ त्यांनी तिच्या हातात दिला.