हिरव्या रेघा

ज्ञानदाने पासवर्ड बदलला, मग खात्री म्हणून पुन्हा एकदा बदलला, आणि लॅपटॉप भिंतीच्या बाजूला वळवून घेतला. सांगलीतल्या घरी तिच्या खोलीत कराडहून कुणी डोकावणार नव्हतं, पण तिचा आता कशावरच भरवसा राहिला नव्हता.

वाचताना ती पीडीएफवर पिवळ्या रेघा मारायची आणि त्या आपोआप टिपणांच्या ॲपमध्ये जमा व्हायच्या. ही जोडणी पृथ्वीराजने करून दिली होती. तो कराडला राहायचा, तिच्याच गाइडकडे पीएचडी करत होता आणि पासवर्ड त्यालाही ठाऊक होता. गेला आठवडाभर पिवळ्या रेघांच्या मधे हिरव्या येत होत्या. प्रत्येकीपुढे एकच शब्द. नमुना चौदा, खोटं. नमुना बावीस, खोटं.

सगळ्या एकाच अहवालावर होत्या. कृष्णाकाठच्या खारवट जमिनींची तीस वर्षांपूर्वीची पाहणी. तिचा अख्खा प्रबंध त्या आकड्यांवर उभा होता आणि तो पंधरा दिवसांत द्यायचा होता. तेव्हा मातीचे नमुने गोळा करणाऱ्यांत तिचे वडील चिंतामण होते, त्यामुळे तो अहवाल तिला घरचाच वाटे. पृथ्वीराज मात्र एकदा हसत म्हणाला होता, "लय गुळगुळीत आकडे हायत गं." ते हसणं आता तिला टोचत होतं.

सकाळीच तिने त्याला फोन केला होता.

"माझ्या फायलींवर तू लिहितोस?"

"मी कशाला लिहू?"

"पासवर्ड तुलाच माहितीये."

"आईशप्पत, मी न्हाई. दुसरं कोण दिसत न्हाई म्हणून मीच व्हय?"

पासवर्ड बदलला आणि हिरव्या रेघा थांबल्या. चार दिवसांत एकही आली नाही. याहून वेगळा पुरावा कशाला हवा? तिने गाइडना मेल लिहून सगळं सांगितलं आणि दोघांनी मिळून लिहिलेल्या लेखातून पृथ्वीराजचं नाव काढायला लावलं. त्याचा फोन दोनदा वाजला, तिने उचलला नाही. तिला वाईट वाटत होतं, पण राग जास्त होता.

पाचव्या दिवशी दुपारी अण्णा, म्हणजे तिचे वडील, टॅबलेट घेऊन दारात आले. तिचा हा जुना टॅबलेट तिनेच त्यांना बातम्या वाचायला दिला होता.

"हा पासवर्ड मागतोय. चार दिवस झाले."

"बातम्यांना कसला पासवर्ड, अण्णा?"

"बातम्या नाहीत. तुझे कागद आहेत ना यात, ते वाचतोय." ते जरा घुटमळले. "समासात थोडं लिहितो. आपलं माझ्यापुरतं."

ज्ञानदाने टॅबलेट घेतला. पहिल्यांदा पासवर्ड चुकला, दुसऱ्यांदा लागला. लॅपटॉपवर टिपणांची यादी सरकली आणि चार दिवस टॅबलेटमध्येच अडकून पडलेल्या हिरव्या रेघा एकाखाली एक येऊ लागल्या. शेवटची लांब होती.

"नमुने ३१ ते ३७. गावात गेलोच नाही. जीप मिळाली नव्हती. कचेरीत बसून आकडे भरले. चिंतामण."

अण्णांच्या बाजूला लॅपटॉपची पाठ होती.

"झालं का सुरू?"

"झालं."

"बरं झालं. अजून सहा नमुने राहिलेत," ते म्हणाले, आणि तिच्यासमोरच खुर्ची ओढून चष्मा पुसू लागले.

लाजेने तिचे कान तापले होते. अण्णांनी टॅबलेट परत घेऊन लिहायला सुरुवात केली. यादीत पुढची रेघ उमटली, तेव्हा तिने फोन घेतला आणि पृथ्वीराजचा नंबर लावला.