नागाला दूध, मला कटर

मी एक जुना ड्रम आहे. खरं सांगायचं तर अर्धा. पण आत्मवृत्त अर्धवट सांगू नये म्हणतात, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

मित्रांनो, माझं बालपण गोड गेलं. कराडजवळच्या गुऱ्हाळात माझ्यात काकवी भरत. मुंग्यांनी माझं जेवढं कौतुक केलं, तेवढं पुढे कुणीच केलं नाही. मग मला गंज चढला आणि मानसिंगने मला घरी आणलं. तो फौजेत आचारी होता. त्याने मला खाली हवेसाठी भोकं पाडली, मध्ये जाळी बसवली, वर झाकण दिलं आणि माझ्यात धुरावर मटण शिजवू लागला. बोकडाच्या एका फऱ्याला, म्हणजे अख्ख्या तंगडीला, आठ तास.

आठ तास कोळसा पुरवणं सोपं नाही. सगळा एकदम पेटवला तर मटणाचाच कोळसा होतो. सारखा वरून टाकावा तर झाकण उघडून धग जाते. म्हणून मानसिंग माझ्या बुडाशी बाभळीच्या कोळशांची वेटोळी रांग लावायचा. शेपटाला चार निखारे ठेवले की विस्तव एकेक कोळसा खात डोक्याकडे सरकायचा. याला तो 'नाग मांडणं' म्हणे. मला ते फार आवडे. एक कोळसा जळतो, शेजारचा बघत बसतो, आणि मग त्याला कळतं. पळायला जागा नाही. इतकी शिस्त मी शाळेतसुद्धा पाहिलेली नाही. अर्थात मी शाळा पाहिलेली नाही.

एकदा महामार्गावरचा हॉटेलवाला राजवर्धन चव बघायला येणार होता. मटण आवडलं तर मानसिंग त्याच्याकडे मुख्य आचारी. नाहीतर, मानसिंग स्वतःच म्हणाला, "ड्रम भंगारात आणि मी वॉचमन." राजवर्धनला सवड एकाच दिवशी होती. नागपंचमीला.

"फौजेत श्रावण नसतोय," म्हणत मानसिंगने सकाळी आठला नाग मांडला. त्याची बायको अंजना शिराळ्याची. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आवं, मटणाचं पाप तुमचं तुमी बघा. पर आज नाग पेटवायचा न्हाई. माझा भाऊ हाय त्यो."

"अगं, कोळसा हाय!"

"मग नाग कशाला म्हंता?"

"बरं, आजच्यापुरतं गांडूळ म्हंतो."

"तोंडातनं एकदा नाग गेला, त्यो गेला."

मानसिंगने शेपूट पेटवलं. "झाकण कुणी उघडायचं न्हाई," असा हुकूम सोडून तो दाढी करायला आणि पाहुण्याला आणायला गेला.

दुपारी बाराला अंजनाने झाकण उघडलं. विस्तव अर्ध्या वाटेवर होता. तिने नागाच्या डोक्यावर हळदकुंकू वाहिलं, लाह्या टाकल्या आणि मटणावरूनच दोन लिटर दूध ओतलं. चर्रर्र झालं. तिने हात जोडले, झाकण लावलं. मी ओरडलो असतो, पण मी ड्रम आहे.

मानसिंग पाहुण्याला घेऊन परतला. त्याने माझ्या कुशीला हात लावला. मी उन्हाने तापलो होतो. "धग हाय," तो समाधानाने म्हणाला. झाकण उघडायचं नाही हा नियम त्याचाच. चार वाजेपर्यंत तो स्वतःच्या नियमाशेजारी खुर्ची टाकून बसला.

राजवर्धनने घास घेतला. चावला. पुन्हा चावला.

"मानसिंगराव, बाहेरनं बासुंदी हाय. आतनं बोकड अजून जित्तं हाय."

दुसऱ्या दिवशी भंगारात मला कटरने उभं चिरलं. मानसिंग आता त्याच हॉटेलच्या दारात शिट्टी वाजवून गाड्या लावतो. वाचलेले अठरा कोळसे देव्हाऱ्यात आहेत. त्यांना दर पंचमीला दूध मिळतं. माझा दुसरा अर्धा कुठे गेला ठाऊक नाही. आमचं बोलणं नाही.

मी माणमधल्या एका मेंढपाळाच्या वाड्यावर पडलोय. भोकं बुजवलीत, आता माझ्यात शेरडं पाणी पितात.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या. निदान त्यांना नाव ठेवताना घरात विचारा.

रोज एक करडू येतं, माझ्यात तोंड घालतं, जाळीच्या जुन्या खुणा चाटतं आणि शेपूट हलवतं. त्याला चव आवडते. ती कुणाची, हे मी अजून सांगितलेलं नाही. त्याच्या आईलाही आवडते.