नाव घातलेली डबी

भरदुपारी घर चिडीचूप असताना मांडणीवर टिंग झालं आणि तेजलच्या वाटीवरचं नाव खाली पडलं.

तिनं उठून पाहिलं. ओट्यावर अक्षरं सांडली होती, रव्यासारखी बारीक, पण स्टीलची. लग्नात भांडी घेतली तेव्हा दुकानदारानं किर्र किर्र करत मशीननं घातलेलं नाव होतं ते. वाटी आता गुळगुळीत दिसत होती, तिच्यावर कधी कुणाचं नाव नसल्यासारखी. तेजलनं अक्षरं चिमटीनं गोळा करून पुडीत बांधली आणि खोलीत डोकावली. जुई झोपली होती. साडेचार वर्षांची पोर, एक पाय भिंतीला लावल्याशिवाय झोपायची नाही. अजून तासभर तरी ती उठणार नव्हती. तेवढ्यात पत्र लिहून व्हायला हवं होतं.

पत्र बझारला लिहायचं होतं. गेल्या गुरुवारी चौकातल्या मोठ्या बझारमधून बाहेर पडताना रखवालदारानं जुईच्या हातातली चिवड्याची डबी धरली. तसल्याच डब्या आत तिसऱ्या फडताळावर विकायला होत्या. तेजलनं झाकण उलटं करून दाखवलं, 'तेजल, मामांकडून'. लोक जमले. तिच्याच गल्लीतली एक बाई भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेत सगळं नीट बघून गेली. शेवटी डबी हातात मिळाली, पण दोन दिवसांनी बझारच्या वसुली विभागाचं पत्र आलं. आमची वस्तू आपल्याकडे आहे. ती, तिची भरपाई आणि लेखी कबुली ताबडतोब पोचती करावी. नपेक्षा आपल्या घरात जे आमचं निघेल ते आम्ही घेऊन जाऊ.

'ती डबी माझी आहे,' असं तिनं उत्तरात लिहिलं, तेव्हाच वाटी वाजली होती. आता तिनं पुढं लिहिलं, 'माझ्या मामांनी मला दिली आहे.' पुन्हा टिंग. या वेळी ताट. तेजलनं पेन खाली ठेवलं आणि नुसतं ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं, "माझी आहे."

पातेल्यावरचं नाव खाली आलं.

संध्याकाळी सुशांत जेवायला बसला तेव्हा तिनं त्याच्यापुढं तेच ताट ठेवलं.

"अहो, कडेला बघा. नाव गेलंय."

"घासून घासून गेलं असेल," तिचा नवरा म्हणाला. "त्या पत्राचं काय केलंस?"

"लिहायला घेतलं की नावं पडतात. माझं म्हटलं की एक पडतं."

"मग माझं म्हणू नकोस." त्यानं आमटीत भाकरी कुस्करली. "चूक झाली म्हणून लिही. लहान मूल बरोबर होतं, लक्ष राहिलं नाही. मिटेल सगळं."

"म्हणजे जुईनं चोरली?"

"मी असं कुठं म्हटलं? तुझ्या मामांनी बिल दिलं असतं तर ही वेळ आली नसती, एवढंच."

"आहेराचं बिल कोण देतं हो?"

"देत नाहीत ना? मग भोगा," सुशांत म्हणाला आणि त्यानं भात मागितला.

दुसऱ्या दिवशी दुधाच्या पिशवीखाली नवं पत्र होतं. एक वाटी, एक ताट, एक पातेलं. पत्रापाठोपाठ बझारची दोन माणसं आली. सभ्य माणसं. चपला दाराबाहेर काढून आत आली. त्यांनी तिन्ही भांडी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि जाता जाता पाणी मागितलं. तेजलनं तांब्याभांडं पुढं केलं. पाणी पिऊन एकानं भांडं उलटं करून बघितलं.

"ताई, यावर पण नाव नाही की."

"कालपर्यंत होतं हो. ते माझं..." ती थांबली. पण आत डाळींचे डबे ओळीनं वाजून गेले होते.

"असू द्या," दुसरा म्हणाला. "ते उद्या नेऊ. आज पिशवी लहान आणलीय."

मग तेजल बोलेनाशी झाली. जुईला जवळ घेताना तिच्या तोंडून नेहमी काय काय निघायचं; आता ती नुसतं तिचं डोकं हुंगायची. तरी एका पहाटे, अर्धवट झोपेत, पोरीच्या अंगावर पांघरूण सारताना ती म्हणाली, "माझी बाय ती." स्वयंपाकघरात एकच, अगदी बारीक आवाज झाला. जुईच्या दुधाच्या पेल्यावरचं नाव गेलं होतं. ते तेजलचं नव्हतं, जुईचं होतं.

त्या दिवशीच्या यादीत शेवटी पेला होता. त्याच्याखाली पुढचा आकडा घालून जागा मोकळी सोडली होती.

तेजलनं ते पत्र दोनदा वाचलं. मग उठून डबी घासली, पुसली. देऊन टाकायची आणि सुटायचं. झाकण लावताना तिचा हात अडला. दुसऱ्याच्या घरी जाणारं भांडं रिकामं कसं द्यायचं? आईनं कधी दिलं नाही, तिनंही नाही. तिनं डबीत दोन चमचे साखर घातली आणि जुईचं बोट धरून निघाली.

वसुली विभाग बझारच्या अगदी मागं होता. डाळींच्या रांगेत त्या दोघी शिरल्या तेव्हा जुईनं नुकतंच केळं खाल्लं होतं; साबणांपर्यंत पोचल्या तोवर तिला दोनदा भूक लागली. फडताळांवर तेजलचीच भांडी मांडलेली होती, चकचकीत, बझारची चिठ्ठी लावून. एक बाई तिचं पातेलं वाजवून बघत होती. "जड आहे," असं शेजारणीला सांगत होती.

वसुलीचे अधिकारी हेंद्रेसाहेब उठून उभे राहिले. "या ताई, बसा. बाळाला इथं टेबलावर बसवा."

"नको. मी धरते तिला." तेजलनं डबी पुढं सरकवली. "ही घ्या. माझं काही... कुणाचंच काही म्हणणं नाही. फक्त यादी थांबवा."

हेंद्रेसाहेबांनी झाकण काढलं. बोटाला साखर लावून चाखली. त्यांचा चेहरा मऊ झाला.

"आमची आईही घालायची."

"हो ना. रिकामं देऊ नये म्हणून."

"पण ताई, स्वतःचं भांडं देताना नाही घालत कुणी. दुसऱ्याचं परत करताना घालतात." त्यांनी कागद ओढला. "बरं झालं तुम्हीच आणलीत. कबुली आली. आता नावाबिवाचा प्रश्नच उरला नाही."

"साहेब, मी तशी नाही हो घातली. सवयीनं घातली."

"खरं तेवढं सवयीनंच होतं माणसाच्या हातून." त्यांनी लिहून कागद फिरवला. "सही करा."

तेजलनं सही केली. शाई वाळली आणि अक्षरं कागदावरून घरंगळून टेबलाच्या कडेशी जमली. हेंद्रेसाहेबांनी ती तळहातानं खणात ओढली.

"झालं. निघा आता. सोबत जे असेल ते दारात दाखवून जा."

दार या वेळी लगेच आलं. तिथं तोच रखवालदार उभा होता, पिकलेल्या मिशांचा, नातवंडं असलेला माणूस. त्यानं तेजलची पिशवी उघडून बघितली. रिकामी होती. मग तो गुडघ्यावर हात टेकून जुईसमोर वाकला. वस्तू वाचायचं यंत्र त्यानं पाठीमागं, दुसऱ्या हातात धरलं होतं.

"काय गं चिमणे," तो लाडानं म्हणाला, "कुणाची तू?"

लग्नात, दवाखान्यात, बसमध्ये, हा प्रश्न पुरा व्हायच्या आत जुई ओरडून उत्तर द्यायची. आताही तिनं तोंड उघडलं. मग तिला आईचा चेहरा दिसला. तिनं तोंड मिटलं, तेजलची ओढणी धरून तिला खाली ओढलं आणि कानाशी येऊन हळूच विचारलं,

"आई, काय सांगू?"