एकतिसावी पायरी

"झालं का गं?" टॉवरच्या तळाशी उभं राहून, मान मोडेपर्यंत वर करून मास्तरांनी हाक मारली.

वरून उत्तर आलं नाही. ते कधीच येत नसे. तळापासून तिसाव्या पायरीवर जाड फळ्यांची तक्तपोशी होती, घड्याळाच्या वजनांना खालीवर व्हायला मध्ये फक्त दोन भोकं. त्या फळ्यांच्या वर काय चाललंय याचा खाली पत्ता लागायचा नाही. तरी मास्तर दर शनिवारी तीन-चारदा हाक मारत. बायको शहाऐंशी पायऱ्या चढून घड्याळाला चावी देत असताना आपण नुसतं उभं राहणं त्यांना बरं वाटायचं नाही.

अर्ध्या तासानं ती खाली आली. "वंगण सुकलंय मोठ्या चाकाचं," म्हणाली आणि एक झिजलेला खिळा त्यांच्या हातावर ठेवला. मास्तरांनी तो डोळ्यांजवळ नेला, नखानं खरवडला, मान हलवली. घड्याळातलं त्यांना कळत होतं, अगदी नाडी धरल्यासारखं कळत होतं. फक्त घड्याळ खाली यायला हवं होतं.

"वारा होता का?"

"होता थोडा."

मग मास्तरांनी डब्यातलं काळं तेल दोन्ही हातांना नीट फासलं, आतली कडी काढली आणि हात पुसत पुसत बाहेर चौकात आले. समोरच्या दुकानदारानं नेहमीप्रमाणे विचारलं, "काय म्हणतेय वरची हवा, मास्तर?"

"वारा आहे थोडा," मास्तर म्हणाले.

सगळं शहर त्यांना टॉवरमास्तर म्हणायचं. टॉवरचं काम मूळ त्यांच्या वडिलांचं. वडील गेल्यावर पहिल्याच शनिवारी मास्तर बाराव्या पायरीपर्यंत गेले आणि तिथून बसत बसत खाली आले. नवी नवरी दाराशी डबा घेऊन उभी होती. तिनं त्यांचा चेहरा पाहिला, डबा खाली ठेवला आणि चावीचा दांडा त्यांच्या हातातून घेतला. "द्या इकडे. मला काही वाटत नाही उंचीचं." त्याला आता बावीस वर्षं झाली होती. दार आतून बंद असायचं, त्यामुळे आत कोण चढतं हे बघायला कुणी नव्हतं, आणि मास्तरांनी कुणाला कधी खोटंही सांगितलं नव्हतं. लोक स्वतःच समजत गेले आणि मास्तर हात काळे करत गेले.

त्याच संध्याकाळी नगरपालिकेचं पत्र आलं. बावीस वर्षांच्या सेवेबद्दल मास्तरांचा सत्कार करायचं ठरलं होतं. नवे नगराध्यक्ष हौशी होते. सत्कार सभागृहात नको, 'कर्मभूमीवरच' हवा, असा त्यांचा आग्रह होता. म्हणजे थेट वर, घड्याळाच्या तबकडीखालच्या सज्जात. मागे सगळं शहर दिसेल आणि फोटो छान येईल.

पत्र मास्तरांनी तीनदा वाचलं. तिन्ही वेळा सज्जा तेवढ्याच उंचीवर होता.

"आजारी पडू का?" त्यांनी विचारलं.

"तारीख पुढे ढकलतील," बायको भाजी चिरता चिरता म्हणाली. "त्यापेक्षा सवय करा."

सवय स्टुलापासून सुरू झाली. पहिल्या दिवशी मास्तर स्टुलावर उभे राहिले आणि बायकोनं त्यांचे घोटे धरले. तिसऱ्या दिवशी ते जेवणाच्या टेबलावर चढले. तेवढ्यात शेजारीण वाटीभर साखर मागायला आली. टेबलावर डोळे मिटून उभा असलेला माणूस बघून ती साखर न घेताच परत गेली.

"नेमकं होतं तरी काय तुम्हाला?" त्या रात्री जेवताना बायकोनं विचारलं. बावीस वर्षांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं.

मास्तरांनी बराच वेळ घास तसाच धरून ठेवला. "पडेन असं नाही वाटत," ते म्हणाले. "तळपायाला मुंग्या येतात, आणि मग वाटतं, आपणच उडी मारू. आपला आपल्यावर भरवसा राहत नाही. वेड्यासारखं आहे, मला माहीत आहे."

तिनं त्यांच्या ताटात आणखी भात वाढला.

"तुला बरं, काहीच होत नाही," मास्तर म्हणाले.

"मला मेलीला काय व्हायचंय," ती म्हणाली.

सत्काराच्या दिवशी साडेदहाला सगळे टॉवरमध्ये शिरले. सगळ्यात पुढे फोटोग्राफर, त्यामागे नगराध्यक्ष, मग मास्तर, मग सन्मानपट्टिकेचा खोका घेतलेला हेडक्लार्क आणि शेवटी हत्यारांची पिशवी घेऊन मास्तरांची बायको. ती मदतनीस म्हणून येतेय, असं ठरलं होतं. अकराचे ठोके झाले की फोटो, आणि त्याआधी चावी द्यायची, असा बेत होता.

नगराध्यक्ष बोलत बोलत चढत होते. टॉवर म्हणजे शहराची मान, मास्तर म्हणजे त्या मानेचा कणा, वगैरे. मास्तर पुढच्या पाठीवर नजर लावून, जीव मुठीत धरून एकेक पायरी घेत होते. बारावी पायरी गेली. विसावी गेली. तक्तपोशी ओलांडून डोकं वर निघालं आणि तिथं टॉवर एकदम मोकळा झाला. कठडा नाही, काही नाही. पायऱ्या भिंतीला चिकटून गोल गोल वर गेलेल्या आणि मध्ये नुसती पोकळी, तिच्यात लोंबणारी दोन वजनं. मास्तर एकतिसाव्या पायरीवर बसले. बसले म्हणजे पायांनी त्यांना बसवलं.

आता सगळं संपलं, असं त्यांना वाटलं. बावीस वर्षांची अब्रू एकतीस पायऱ्यांत गेली. पण वर बघतात तर नगराध्यक्षही बसलेले. त्यांचं बोलणं कधी थांबलं ते कुणाला कळलंच नव्हतं. ते मोठमोठ्या जांभया देत होते, एकामागून एक, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. कॅमेरा डोळ्याला होता तोवर फोटोग्राफर ठीक होता. तो खाली घेतल्याबरोबर त्यालाही पोकळी दिसली आणि तो खुदुखुदु हसत सुटला. "काही नाही, काही नाही," म्हणत तो हसतच भिंतीला टेकून खाली सरकला. हेडक्लार्क तिसाव्या पायरीवर होते. भिंतीतला एक खिळा त्यांनी असा पकडला होता की तो सोडवायला ठराव लागला असता.

"मला वाटतं," जांभयांच्या मधून नगराध्यक्ष म्हणाले, "मास्तरांच्या वयाचा विचार करता... सत्कार माणसाचा असतो. उंचीचा नसतो. काय?"

"बरोबर," हेडक्लार्क डोळे न उघडता म्हणाले.

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. इतका पडला की त्यांना हसू आलं.

"चावी राहिलीय," बायको खालून म्हणाली. "मी देऊन येते. तुम्ही उरका तोवर."

तिला वाट द्यायला चौघेही भिंतीला पाठ लावून बसले आणि ती त्यांच्या गुडघ्यांवरून ताठ मानेनं वर गेली. "वहिनींना काहीच कसं वाटत नाही!" नगराध्यक्ष म्हणाले. वरच्या अंधारात ती दिसेनाशी झाली तशी त्यांनी खोक्यातून पट्टिका काढून घेतली आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"ज्यांनी अखंड बावीस वर्षे, ऊनपावसाची पर्वा न करता, स्वतः चढून..."

"मेलं ते घड्याळ!" वरून आवाज आला.

नगराध्यक्ष थांबले.

"ही पायरी सासऱ्यांच्या नावानं, त्यांना जगात दुसरं काम मिळालं नाही. ही माझ्या नावानं, मोठी शहाणी, म्हणे मला काही वाटत नाही. आई गं. खाली बघायचं नाही. बघायचं नाही म्हटलं ना, शहाणे! ही ह्यांच्या नावानं. खाली उभं राहायचं नि झालं का गं, झालं का गं. ये की वर! ये आणि बघ झालं का ते! आई गं..."

तक्तपोशीच्या खाली यातलं अक्षर पोचत नसे, आणि वर आजवर कुणी नव्हतंच. त्यामुळे टॉवरला कान असतील हे तिला सुचलंही नसावं. मास्तर ऐकत राहिले. बोलण्याच्या मधल्या जागेत पावलं वाजत नव्हती. काहीतरी घासत होतं. आधी दोन तळवे, मग दोन गुडघे. ती रांगत चढत होती. दर शनिवारी संध्याकाळी ती गुडघ्यांना तेल चोळत बसायची आणि मास्तर म्हणायचे, वय झालं गं आपलं. त्यांना एकदम रडूच आलं, आणि त्यात "मेला तो टॉवर" ऐकून हसूही आलं. दोन्ही आवरता आवरता त्यांना ठसका लागला.

वर चावी कुरकुरू लागली. वजनं हळूहळू त्यांच्यासमोरून वर गेली.

नगराध्यक्षांनी घसा साफ केला. "मास्तर, आम्ही काही ऐकलेलं नाही. आणि आम्ही कुठल्या पायरीवर बसलो हे तुम्ही पाहिलेलं नाही. फोटो काढून घेऊ."

फोटोग्राफरनं हसू दाबून कॅमेरा उचलला. पट्टिका मास्तरांच्या हातात आली. चांगली जड होती, नाव सोनेरी अक्षरांत. बाहेर चौकात शंभरेक माणसं टाळ्या वाजवायला उभी होती.

मास्तरांनी पट्टिका परत केली. "नाव चुकलंय," ते म्हणाले. "बाहेर गेल्यावर मी सांगतो सगळ्यांना. तुमच्या पायरीचं नाही सांगणार."

मग हेडक्लार्कांनी एक डोळा उघडला. "नाव बदलायचं तर बैठकीत पुन्हा विषय घ्यावा लागेल."

"घ्या," नगराध्यक्ष म्हणाले आणि जांभई दिली.

अकराचे ठोके पडले. घंटा इतक्या जवळून चौघांपैकी कुणीच ऐकली नव्हती. चौघांनीही एकमेकांना घट्ट धरलं आणि अकरा होईपर्यंत सोडलं नाही.

मग वरून पुन्हा घासल्याचा आवाज येऊ लागला. अंधाराच्या कडेपाशी तो थांबला. कपडे झटकल्याचा आवाज आला, आणि बायको ताठ पावलांनी, पिशवी झुलवत समोर आली.

"उरकला सत्कार?"

तिच्याकडे बघायची कुणाची छाती होईना. तिनं मास्तरांच्या पायरीपासून खालपर्यंत बोटांनी हिशेब केला आणि तिचा चेहरा खुलला. "अगं बाई, एकतीस! कमाल केलीत की!"

"पुढच्या शनिवारपासून इथंच येऊन बसत जाईन म्हणतो," मास्तर म्हणाले.

"कशाला? पाय बघा कसे थरथरतायत. खाली बरे असता की तुम्ही."

"खाली काही ऐकू येत नाही."

तिचा चेहरा हळूहळू लाल झाला. तिनं नगराध्यक्षांकडे पाहिलं, ते छताकडे बघत होते. फोटोग्राफर कॅमेऱ्याची काच पुसत होता. हेडक्लार्कांनी उघडलेला डोळा परत मिटला.

"आणि इथं काय ऐकू येतं?" तिनं विचारलं.

मास्तरांनी तिच्या हातातली पिशवी घेतली.

"घड्याळ," ते म्हणाले. "घड्याळ ऐकू येतं."